सहमतीनं वेगळं होतोय, लेकरं कुणाकडे किती दिवस आन् खर्च कसा, हे कागदावर नीट कसं लिहायचं?

परभणीची_ताई

नमस्कार सगळ्यांना. वर्ष उलटून गेलं मी लेकरांना घेऊन माहेरी परभणीला आहे, हे छत्रपती संभाजीनगरला वाळूजमधे कंपनीत आहेत, तीन शिफ्टची ड्यूटी. भांडणं व्हायची ती होऊन गेली, आता दोघांचंही ठरलंय की सहमतीनं घटस्फोट घ्यायचा, कुणी कुणावर केस टाकायची नाही. पोरगी नऊ वर्षांची आन् पोरगं साडेचार. दोघं माझ्याजवळ राहणार हे त्यांनाही मान्य आहे. गाडी अडकलीय ती पुढच्या बारीक बारीक गोष्टींवर.

वकिलांनी ड्राफ्ट पाठवला, सहा पानं आहेत, त्यात दागिने कुणाचे, भांडी कुणाची, फ्रीज कुणाचा हे सगळं आलंय आन् लेकरांवर फक्त एक ओळ. "अज्ञान मुलांचा ताबा आईकडे राहील व वडिलांना सोयीनुसार भेटण्याचा अधिकार राहील." आता सोयीनुसार म्हंजे कुणाच्या सोयीनं? ह्यांना सुट्टी रविवारीच मिळंल असं नाही, थर्ड शिफ्ट असली की सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपतात. मधे एकदा न सांगता दारात येऊन उभे राहिले, पोरीची दुसऱ्या दिवशी परीक्षा, माझे वडील चिडले आन् लेकरांच्या समोरच तमाशा झाला.

सासूबाईंचं म्हणणं की महालक्ष्म्यांना नातवंडं त्यांच्याच घरी पाहिजेत, कुळाचार आहे. माझ्या आईचं म्हणणं दिवाळी इथंच. दीर म्हणतात कोर्टाच्या चकरा कशाला, ५०० च्या बॉन्डवर लिहून नोटरी करून टाकू, आमच्या गावात असंच करतात. पैशाचं तर सगळंच हवेत आहे, "मी कमी पडू देणार नाही" एवढंच तोंडी. आन् कुणीतरी माझ्या डोक्यात हे पण भरवलंय की पोरगं पाच वर्षांचं झालं की बाप कायद्यानं घेऊन जाऊ शकतो. हे खरं आहे का?

ज्यांनी असं काही लिहून घेतलंय त्यांनी सांगा काय काय लिहिलं, आन् काय लिहायला पाहिजे होतं ते पण सांगा. कोण चुकलं ह्याची चर्चा नको, ती घरी रोज चालू आहे.

काळा_कोट

ताई, जालना बीड साइडला प्रॅक्टिस करतो, जे रोज बघतो ते सांगतो.

आधी बॉन्डचं. ५०० च्या बॉन्डवर नोटरी केल्यानं घटस्फोट होत नाही. काही समाजांत फारकतीची रूढी आहे आणि हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २९ मधे अशा रूढीला जागाही ठेवलेली आहे, पण ती रूढी आपल्या समाजात खरंच चालत आली हे कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि ते सिद्ध करायची वेळ येते दोघांपैकी एकाचं दुसरं लग्न झाल्यावर किंवा जमिनीच्या, पेन्शनच्या वादात. तेव्हा तो बॉन्ड आणणारा दीर कुठं सापडत नाही. बॉन्डवर लिहिलेली लेकरांची भेट कुणी मोडली तर त्यावरून सरळ अंमलबजावणीसुद्धा करता येत नाही. त्यामुळं त्याच कायद्याच्या कलम १३ब खाली दोघांचा मिळून अर्ज, त्याला कन्सेंट टर्म्स म्हणजे सहमतीच्या लेखी अटी जोडायच्या, आणि लेकरांचा सगळा प्लॅन त्या टर्म्सचाच भाग करायचा म्हणजे तो हुकूमनाम्यात येतो. मोडला तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकता येते.

१३ब ला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, ते तुमचं झालंय. पहिल्या मोशननंतर, म्हणजे दोघांनी मिळून अर्ज दाखल केल्यावर, सहा महिने थांबायचं, मग दुसरं मोशन. २०१७ मधे अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर ह्या केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, पण माफ करताना पोटगी आणि मुलांचा ताबा ह्यांचं खरंच मिटलंय का हे बघायचं. बहुतेक पक्षकार येतात ते "सर सहा महिने माफ होतील ना" हाच प्रश्न घेऊन. माझं मत उलटं आहे, लेकरं असतील तर ते सहा महिने वापरा. पहिल्या मोशनच्या दिवसापासून वेळापत्रक चालू करा, ह्या काळात एखादा सण येतो, एखादी परीक्षा येते, एखादं आजारपण येतं, जे जमत नाही ते दिसतं, आणि दुसऱ्या मोशनच्या आधी दुरुस्त करून फायनल टर्म्स देता येतात. फक्त हे लक्षात ठेवा की हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतो, त्यामुळं त्या काळात व्हॉट्सॲपवर टोमणे मारू नका.

पाच वर्षांचं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातलं कलम ६ म्हणतं की पाच वर्षांच्या आतल्या लेकराचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. त्याचा अर्थ सहाव्या वर्षी बापानं येऊन उचलून न्यावं असा नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की लेकराचं हित सगळ्याच्या वर. तुमचं तर सहमतीनंच ताबा तुमच्याकडे ठरतंय, मग वयावरून आपोआप काही बदलत नाही. पण हेही ऐका, ताब्याचा कुठलाच हुकूम कायमचा नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली परिस्थिती बदलली की कोर्ट तो बदलू शकतं, आणि सुप्रीम कोर्टानं १९७३ लाच रोझी जेकबच्या केसमधे हे सांगून ठेवलंय. म्हणजे "आम्ही लिहून घेतलं, आता विषय संपला" असं तुम्हालाही म्हणता येणार नाही आणि त्यांनाही नाही.

आणि एक, घाईत बायका लिहून देतात की मला आणि मुलांना काही नको, फक्त मोकळं करा. स्वतःचा हक्क सोडायचा तर सोडा, लेकरांच्या पोटगीचा हक्क आईला सोडता येत नाही, तो लेकरांचा आहे.

वाळूजकर_बाप

ताई मी तुमच्या मालकांच्या बाजूचा माणूस आहे असं समजा, वाळूजलाच आहे, शिफ्टमधेच आहे, पोरगा आन् पोरगी नांदेडला त्यांच्या आईजवळ. आमचं कोर्टातून झालंय आन् बऱ्यापैकी चालू आहे, म्हनून लिहायलोय.

आमच्या कागदात पहिले लिहिलेलं होतं पहिला आन् तिसरा रविवार. ते कागदावर लई चांगलं दिसतं पण शिफ्टवाल्याला काही कामाचं नाही, पहिल्याच महिन्यात दोन्ही रविवार ड्यूटी लागली आन् तिकडून फोन, तुम्हाला लेकरांचं काही पडलेलंच नाही. मग मधल्या काळात बदलून घेतलं. आता असं आहे की शिफ्टचा चार्ट लागला की त्याचा फोटो मी त्याच दिवशी पाठवतो, त्यातून महिन्यात दोन भेटी ठरतात. सुट्टी शनिवार रविवारला लागून आली तर लेकरं माझ्याकडं मुक्कामाला, मधल्या वारी आली तर मी नांदेडला जातो, शाळा सुटल्यावर घेतो आन् आठ वाजेपर्यंत घरी सोडतो, अभ्यासाची वही बरोबर. मुक्काम आन् नुसती भेट हे दोन वेगळं वेगळं लिहा, नाहीतर चार तासाची भेट पण मोजली का नाही ह्यावरून वाद होतो.

दुसरं म्हंजे लेकरू घ्यायचं कुठून. दारात जाऊ नका. दारात आजी असती, मामा असतो, शेजारीण गॅलरीत असती, सगळ्यांना काही ना काही म्हनायचं असतं. आमचं स्टेशनवर ठरलंय. मराठवाडा एक्सप्रेसनं ती जालन्यापर्यंत आणून सोडती, तिची बहीण जालन्याला आहे म्हनून तिला पण बरं पडतं, परतीला मी नांदेडपर्यंत नेऊन सोडतो. तुम्हाला परभणीहून जालना किंवा परतूर काही पण धरता येईल. प्लॅटफॉर्मवर चहाच्या स्टॉलजवळ, दोन मिनिटाचं काम, दप्तर कुठलं, औषध कुठलं, डबा खाल्ला का, एवढंच बोलायचं. पैशाचा विषय प्लॅटफॉर्मवर काढायचा नाही हे सुद्धा आम्ही लिहिलंय, हसू नका. गाडी लेट झाली तर ती काही कुणाची चूक नाही, पण फोन करायचा, आन् तासाभरापेक्षा जास्त लेट असली तर लेकरू घरीच थांबंल. भेट चुकली तर पुढच्या पंधरा दिवसात बदली भेट, नाही घेतली तर गेली, साठवून ठेवून मे महिन्यात एकदम मागायची नाही.

तिकिटाचं पण लिहा. रेल्वेत पाचच्या आतलं फुकट आन् पाच ते बारा वर्षांचं अर्धं, पण बर्थ घेतला की पूर्ण लागतं. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे त्यामुळं आमच्याकडं ती सोडायला आली की स्वस्तात पडतं, हा वेगळा मुद्दा. नेणाऱ्याचा खर्च नेणाऱ्यानं, आणणाऱ्याचा आणणाऱ्यानं.

फोन रोज रात्री आठच्या पुढं, वीस मिनिटं, व्हिडीओवर. सेकंड शिफ्ट असली की सकाळी शाळेच्या आधी. लेकराला बोलायचं नसलं तर जबरदस्ती नाही, बारकं कधी कधी नुसता हात दाखवून पळून जातं, ते मला मान्य आहे. पण फोन चालू असताना पाठीमागून कुणी "विचार पैसे कधी टाकणार" असं शिकवायचं नाही.

लक्ष्म्यांचं आमच्यात असं केलं की ते तीन दिवस दरवर्षी माझ्या आईकडं, कारण कुळाचार खरंच आमच्याकडं आहे, त्याच्या बदल्यात संक्रांत आन् पाडवा तिच्याकडं कायम. दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी, एका वर्षी लक्ष्मीपूजन माझ्याकडं, दुसऱ्या वर्षी तिच्याकडं. आन् दोन्ही लेकरं कायम बरोबरच पाठवायची, एक इकडं एक तिकडं असं कधीच नाही. भाऊबीजेला त्या दोघांनी एकाच घरात असावं, घर कोणतं पण असू द्या.

गोदाकाठचा_म्हातारा

आमच्या काळात असलं चार्ट बिर्ट काही नव्हतं. दोन जाणती माणसं बसली की मिटायचं. लेकरांच्या भेटीला तासाचा हिशोब लावायचा आन् चहाच्या स्टॉलचा पत्ता लिहायचा म्हंजे काय माल पोचवायलाव का? जेवढं जास्त लिहाल तेवढं जास्त भांडाल. बापाला वाटलं तेव्हा येऊ द्यावं आन् आईनं तोंड उघडू नये, आपोआप सुरळीत होतं.

परभणीची_ताई

काका, तुमचा राग कळतो, पण वाटेल तेव्हा येऊ देऊन बघितलं, वर लिहिलंच आहे काय झालं. जाणती माणसं बसली होती दोनदा, चहा पिऊन गेली.

वाळूजकर दादा, शिफ्टच्या चार्टचं डोक्यातच नव्हतं आलं. ह्यांना दाखवलं तुमचं उत्तर, पहिल्यांदाच कुठल्या गोष्टीवर "हां हे बरोबर आहे" म्हणाले.

लातूरची_पोर

मी ह्या विषयावर कधीच कुठं लिहीत नाही पण काकांचं वाचून राहवलं नाही. मी ते लेकरू आहे. आई वडील मी सातवीत असताना वेगळे झाले, आता मी कॉलेजला आहे. आमच्यात काहीच लिहिलेलं नव्हतं, सगळं "समजुतीनं" होतं, आणि समजुतीनं म्हणजे दर वेळी मला विचारायचे. तुला पप्पांकडं जायचंय का? जायचंय म्हणलं की आईचं तोंड उतरायचं, नको म्हणलं की पप्पा दोन दिवस फोन घ्यायचे नाहीत. कागदावर तारीख असती तर मला निवडायला लागलं नसतं, एवढंच सांगायचंय. चार्ट मोठ्यांना माल पोचवल्यासारखा वाटत असेल, मला तो मिळाला असता तर मी भिंतीवर चिकटवला असता.

दुसरं, निरोप. "सांग तुझ्या बापाला फी भरायची तारीख गेली", "सांग तुझ्या आईला मी काही एटीएम नाही". प्लीज हे स्पष्ट लिहा की निरोप लेकरांकडून जाणार नाहीत. आणि कपडे, ब्रश, चप्पल दोन्हीकडं ठेवा. प्रत्येक वेळी बॅग भरताना पाहुणी असल्यासारखं वाटायचं, आणि गणिताची वही हमखास दुसऱ्या घरी राहायची.

तुमची पोरगी नऊची आहे, आत्ता सगळं ऐकेल. पण बाराची चौदाची झाल्यावर तिच्या मैत्रिणी, क्लास, पाळी, सगळं बदलतं, तेव्हा तिचं म्हणणं ऐकून वेळापत्रक बदलायचं असं काहीतरी आत्ताच टाका. निवड तिच्यावर टाकू नका, पण तिला विचारा. हे दोन्ही वेगळं आहे.

आणि सणांच्या यादीत फक्त दिवाळी आणि लक्ष्म्या लिहिता सगळे. आमच्याकडं येळवस असते, मार्गशीर्षातली अमावास्या, शेतात कडब्याची कोप करून पूजा, भज्जी, आंबील, सगळं गाव रानात. तिला शाळेला सुट्टी असेलच असं नसतं म्हणून कुणी ती कागदात धरत नाही, आणि मला सगळ्यात जास्त तीच चुकल्याचं वाईट वाटायचं. तुमच्या लेकरांना विचारा त्यांना कोणता दिवस कुठं पाहिजे. मोठ्यांच्या यादीत नसलेलं काहीतरी निघंल. आजोबांच्या शेतातला पोळा निघंल.

गुरुजी_हिंगोली

शाळेच्या बाजूनं थोडं, कारण हे सगळे वाद शेवटी आमच्या ऑफिसच्या दारात येतात.

एखाद्या दिवशी वडील येतात, म्हणतात मी बाप आहे, पोराला आत्ता घेऊन जातो. आई म्हणते माझ्याशिवाय कुणाला देऊ नका. आम्ही कोणाचं ऐकायचं? कोर्टाच्या कागदाची प्रत शाळेत दिलेली असेल तर आम्हाला बोलता येतं, नाहीतर मधे पोरगं रडतंय आणि आम्ही दोघांना पाणी देतोय. म्हणून शाळेतून घ्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं लिहा, आजोबा, मामा, काका, जे असतील ते, आणि ठरलेल्या दिवसाव्यतिरिक्त न्यायचं असेल तर दुसऱ्या पालकाचा मेसेज लागेल असं लिहा.

टीसी काढायचा असेल तर दोघांच्या लेखी संमतीनं, हे ठळक लिहा. शाळा बदलणं हा ताबा बदलण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे हे लोकांना चांगलं कळतं. निकाल, पालकसभा, स्नेहसंमेलन ह्याची माहिती दोघांना. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधे दोन्ही नंबर टाकायला सांगा, त्यात शाळेची काही हरकत नसते. पालकसभेला दोघं एकत्र बसू शकत नसाल तर सरळ सांगा, वेगळी वेळ देता येते, पण येत चला. सभेला न येणारे वडील आणि येऊ न देणारी आई, दोन्ही बघितलेत.

मूळ कागद म्हणजे जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला, लसीकरणाचं कार्ड हे कुणाकडे आणि दुसऱ्याकडे झेरॉक्स हे लिहून टाका. मूल पाच वर्षांचं झाल्यावर आधारचे ठसे द्यावे लागतील, पुन्हा पंधराव्या वर्षी, आणि पुढं जात पडताळणीला वडिलांकडचे जुने पुरावे लागतात, आजोबांचा शाळेचा उतारा, महसुली कागद. "वडील हे पुरावे मागितल्यावर देतील" अशी एक ओळ. आज फालतू वाटेल, बारावीनंतर ॲडमिशनच्या वेळी त्या एका ओळीवर पोरीचं वर्ष अवलंबून असतं.

परभणीची_ताई

दोन दिवस बसून एक कच्चं लिहिलंय, ह्यांच्याशी फोनवर बोलून बोलून. सगळं टाकत नाही, जिथं खात्री नाही तेवढंच टाकते, वकीलसाहेब बघाल का.

"दरमहा १० तारखेच्या आत मुलांच्या खर्चाची रक्कम आईच्या खात्यात ऑनलाइन जमा होईल, रोख दिली घेतली जाणार नाही. ही रक्कम दरवर्षी जूनमध्ये १० टक्क्यांनी वाढेल. शाळेची फी, पुस्तकं, व्हॅन हे त्यात धरलेलं नाही, ते वडील व आई निम्मे निम्मे देतील व वडील आपला हिस्सा थेट शाळेत भरतील. दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं तर आधी कंपनीच्या मेडिक्लेममधून, उरलेलं निम्मे निम्मे, आणि ॲडमिट करताना दुसऱ्याला लगेच फोन."

"मुलीचं सुकन्या खातं चालू राहील, त्यात दरवर्षी वडील पैसे भरतील व मार्च संपताना पासबुकचा फोटो पाठवतील."

"मुलांसमोर एकमेकांच्या घरच्यांबद्दल वाईट बोललं जाणार नाही. मुलांचे फोटो स्टेटसला टोमण्यासकट टाकले जाणार नाहीत."

शेवटच्यावर हे हसले, म्हणाले टोमण्यासकट असं कोर्टात लिहितात का. पण तेच तर होतं ना, फोटो लेकराचा आन् खाली शायरी माझ्यासाठी.

अडकलंय ते तीन ठिकाणी. ह्यांचं किंवा माझं दुसरं लग्न झालं तर? मला उद्या पुण्याला नोकरी लागली तर? आन् अठराच्या पुढचं शिक्षण लिहिता येतं का, कारण पोरगी आत्तापासूनच डॉक्टर म्हणायलीय आन् लातूरच्या क्लासची आन् होस्टेलची फी ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो.

काळा_कोट

ड्राफ्ट माझ्या बऱ्याच ज्युनिअरपेक्षा चांगला आहे. टोमण्यासकट राहू द्या, वकील त्याला "बदनामीकारक मजकुरासह" करतील, अर्थ तोच.

दुसरं लग्न: लग्न झालं म्हणून भेट बंद होणार नाही आणि पोटगीही बंद होणार नाही, हे सरळ लिहा. लग्न ठरल्यावर दुसऱ्या पालकाला आधी सांगायचं, लेकरांना बाहेरून कळता कामा नये. "लग्न केलं तर ताबा जाईल" असली अट काही घरचे घालायला लावतात, ती घालू नका. ताबा हिताप्रमाणे ठरतो, त्या वेळी कोर्ट बघेल.

पुणे: गाव बदलायचं असेल तर किमान तीन महिने आधी लेखी कळवायचं आणि दोघांनी मिळून नवं वेळापत्रक करायचं. तुम्ही लांब गेलात तर मधल्या भेटी कमी होतील, त्या मे महिन्यात भरून द्या, म्हणजे सुट्टीचा मोठा हिस्सा वडिलांकडे. जमलं नाही तर आधी मध्यस्थी, मग कोर्ट. परदेशाचा आणि पासपोर्टचा विषय वेगळा लिहा, दोघांच्या सहीशिवाय नाही.

अठराच्या पुढचं: लिहिता येतं आणि लिहाच. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यात अविवाहित मुलीला स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर तिची जबाबदारी अठरानंतरही आईवडिलांवर आहे, मुलाचं मात्र तसं कायद्यात नाही, त्यामुळं दोघांसाठी कन्सेंट टर्म्समधे स्पष्ट लिहिलं तर बरं. "पहिल्या पदवीपर्यंतचं शिक्षण, क्लास व वसतिगृहासह, निम्मे निम्मे" एवढं पुरे, आकडा टाकू नका, नऊ वर्षांनी तो आकडा हास्यास्पद होईल. सुकन्याचं म्हणाल तर त्या खात्यात वर्षाला २५० पासून दीड लाखापर्यंतच भरता येतं, पैसा पोरीचा, आणि दहावी झाली किंवा अठरा पूर्ण झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतो. म्हणून "वडील पैसे भरतील" इतकंच नको, वर्षाला किती ते टाका. नाहीतर २५० भरून पासबुकचा फोटो येईल.

पगाराचं: रक्कम ठरवायच्या आधी दोघांनी उत्पन्न, कर्ज, मालमत्ता ह्याचं शपथपत्र एकमेकांना दाखवा. पोटगीच्या केसेसमधे २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून ते बंधनकारकच आहे. तुमची केस भांडणाची नाही, पण तोच नमुना वापरा, नंतर "मला पगार माहीत नव्हता" राहत नाही.

फोनचं वाळूजकरांनी लिहिलंय ते बरोबर. २०२० मधे यशिता साहूच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्याला लेकराशी फोनवर, व्हिडीओवर बोलायला मिळालंच पाहिजे. वीस मिनिटं लिहा, कमी बोलले तर बोलले.

वाळूजकर_बाप

वकीलसाहेब एक विचारतो, आमच्या कागदात मध्यस्थीचं काही नाही, थेट कोर्टच आहे. आता घालता येतं का?

काळा_कोट

येतं. दोघं तयार असाल तर कलम २६ खाली बदलासाठी अर्ज करा, सहमतीचा असला की वेळ लागत नाही. जिल्हा कोर्टात मध्यस्थी केंद्र असतं, तिथं आधी जाऊन बसता येतं. संभाजीनगरला कौटुंबिक न्यायालय आहे, तिथं विवाह समुपदेशक पण असतात, लेकरांशी ते वेगळं बोलतात, ते वकिलांनी बोलण्यापेक्षा केव्हाही बरं.

ताई तुम्हाला वकिलाची फी जड होत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना तिथं उत्पन्नाची अट नाही, मोफत वकील मिळतो. फोन करायचा असेल तर १५१००.

लातूरची_पोर

ताई एक राहिलं. सगळं ठरल्यावर लेकरांना सांगताना दोघांनी एकत्र बसून सांगा, एकाच वेळी, एकच गोष्ट. मला आईनं वेगळं सांगितलं होतं आणि पप्पांनी वेगळं, मी बरेच दिवस दोन्ही जुळवत बसले होते.

परभणीची_ताई

येत्या भेटीला तेच करायचं ठरलंय, जालन्याला ह्यांच्या मावशीकडं बसून. पोरीला विचारलं तुला कोणता दिवस कुठं पाहिजे, तर म्हणली पोळ्याला बाबांच्या गावाकडं, कारण बैलाच्या शिंगांना रंग ती लावती. आमच्या दोघांच्याही यादीत पोळा नव्हता. टाकलाय आता.

सुकन्याचा आकडा विचारला तर ह्यांनी महिना हजार म्हणजे वर्षाला बारा हजार म्हणलंय, मी पंधरा म्हणतेय, तेवढं मिटलं की वकिलांकडं पाठवते. दीर अजून बॉन्डच आणणार म्हणायलेत.

काळा_कोट

आणू द्या. सहीला बसताना कन्सेंट टर्म्सच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या, आणि हुकूमनामा झाला की लगेच नकलेचा अर्ज टाकून सही शिक्क्याच्या प्रती काढा. एक तुम्हाला, एक त्यांना, एक शाळेत, एक जास्तीची.